भादव्यात गाडी दारात

“अवो, कासरा सैल सोडा. त्येंच्या पायाला कळतंय. तुमच्या हाताला न्हाई कळत.”

हा आवाज आईचा. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. बैलगाडी आमच्या पाणंदीत आसापर्यंत रुतलेली, आप्पा पुढे उभे राहून बैलांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतायत, आणि मागे बाजाराच्या पिशव्यांवर बसलेली आई, आमटीत मीठ कमी पडलंय म्हणावं इतक्याच आवाजात, हे सांगतेय. आप्पांनी कासरा सैल सोडला का, ते आठवत नाही. नवऱ्याने बायकोचं ऐकल्याचे प्रसंग इतके थोडे असतात की घडला असता तर लक्षात राहिला असता. तेव्हा सोडला नसावा.

पाणंद म्हणजे दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी मधे सोडलेली गाडीवाट. सोडलेली, आणि मग दर वर्षी नांगराच्या एकेका तासाने परत घेतलेली. आमची पाणंद तिसगावच्या पुढे डांबर संपलं की सुरू होते, मधे एका ओढ्यात उतरते, चढते आणि दीड किलोमीटरवर आमच्या वस्तीच्या दारात थांबते. आमच्याकडे पाऊस तसा मोजून-मापून येतो, पण येतो तेव्हा ती काळी माती अशी काही होते की पाय दिला तर चप्पल ठेवून घेते. आई जात्यावर म्हणायची,

पाणंदीचा गं चिखल, धरी लेकीचा पदर
म्हणे ऱ्हा गं चार दिस, वाट पाहील सासर

मी पुढे मराठीची शिक्षिका झाले, गावोगावी फिरून बायकांच्या ओव्या वह्यांत उतरवून घेतल्या, त्यावर दोन ठिकाणी भाषणंही दिली. पण या ओवीत चिखल लेकीच्या बाजूने आहे, अडवणारा नाही, हे माझ्या लक्षात यायला छप्पन्न वर्षं आणि एक चारचाकी लागली.

झालं असं की आईला मोतीबिंदू झाला. दोन्ही डोळ्यांना. ती वस्तीवर माझा धाकटा भाऊ भागवत आणि त्याची बायको सविता यांच्याजवळ राहते. एक दिवस गोठ्यातल्या खांबावर सविताचं लुगडं वाळत होतं आणि आई त्या खांबाशी दोन मिनिटं बोलत होती. खांबाने उलट उत्तर दिलं नाही तेव्हा तिला शंका आली, असं सविता म्हणाली. नगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पिकलाय, आणखी दोन वर्षं काढलीत तर फुटेल, मग काचबिंदू होईल आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही.

मी म्हटलं, आई, चल. ऑपरेशन कर, महिनाभर नगरला माझ्याकडे राहा.

आई म्हणाली, चैतात ऊन लई. मग म्हणाली, आता पेरनी. मग कांद्याची लागण, मग ज्वारीची राखन, मग म्हशीचे दिस भरले. संक्रांतीला मी तिळगूळ हातावर ठेवून रडले, तेव्हा तिने डोळे बारीक करून माझ्या आवाजाच्या दिशेने पाहिलं.

“मला सवड भादव्यात. भादव्यात गाडी दारात आन. चिखलातनं चालत यायची न्हाई, टॅक्टरात बसायची न्हाई. गाडी दारात आली की हाय तशी बसते.”

भागवत तिळगूळ चावता चावता हसला. भादव्यात आमच्या दारात ट्रॅक्टर सोडून काही आलेलं नाही. एकदा निवडणुकीची जीप आली होती, ती दिवाळीनंतर गेली.

आई माझ्याकडे यायचं का टाळते, हे मला तेव्हा कोडंच होतं. सहा वर्षांपूर्वी, आप्पांचं वर्षश्राद्ध झाल्यावर, ती महिनाभर म्हणून आली होती. माझ्या नवऱ्याने, अमृतने, तिची जी बडदास्त ठेवली ती सोसायटीत अजून सांगतात. इकडची काडी तिकडे करू दिली नाही. ती उठली की हा उठायचा, “आई, तुम्ही बसा.” ती ओट्याकडे वळली की, “आई, तुम्ही बसा.” बाराव्या दिवशी ती म्हणाली, गाई वराडत असतील, आणि गेली. अमृत दोन दिवस उदास होता. मी तर सहा वर्षं मनातल्या मनात त्या अकरा दिवसांची उजळणी करत होते. काही बोलले का? चहात साखर कमी घातली का? मुलीचं मन असं असतं, आईने तोंड फिरवलं की स्वतःच्या पदरात डाग शोधायचा.

असो. मी आधी सरळ मार्गाने गेले. एका कचेरीत जाऊन पाणंद पक्की करण्याचा अर्ज दिला. तिथल्या गृहस्थांनी नकाशा उलगडला, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “मॅडम, इथं रस्ता आहेच. आहे त्याला पुन्हा कसा करणार?” मी म्हटलं, नकाशावर आहे, जमिनीवर नाही. ते म्हणाले, मग जमिनीवर नसल्याचा दाखला आणा. तो दाखला देणारे म्हणाले, रस्त्याला क्रमांक असेल तर तो नसल्याचं लिहून देता येईल. क्रमांक पहिल्या कचेरीत मिळत होता, रस्ता झाल्यावर.

तेव्हा मी गाडी घेतली. चारही चाकांनी ओढणारी, उंच, हिरवी. तिच्यात चढताना मला साडीचा काचा मारावा की काय असं वाटायचं. अमृतला गाडी चालवता येत नाही, त्याला सूचना देता येतात. चारशे पानांचं माहितीपुस्तक त्याने पोथीसारखं लाल फडक्यात बांधलं.

गाडी सोसायटीत आली तशी सल्ल्यांची रांग लागली. तळमजल्यावरचे भिमाजी काका एसटीत तीस वर्षं नगर-पाथर्डी करून निवृत्त झालेले. त्यांनी चाकाला लाथ मारली आणि म्हणाले, “मॅडम, हवा टाईट ठेवायची. मानूस आन् टायर, ढिला पडला की संपला.”

वरच्या मजल्यावरची राजनंदिनी बँकेत नोकरीला, पण रिकाम्या वेळात मोबाईलवर याच गाड्यांचे व्हिडिओ बघणारी. ती जिन्यातून म्हणाली, “काकू, चिखलात हवा अठरावर आणायची असते.”

“अठरावर सायकल चालत न्हाई,” काका म्हणाले.

“काका, सायकलला जास्तच लागते.”

“म्हंजी ही सायकलपेक्षा हलकी हाय का?”

गाडीच्या पडद्यावर चित्रं होती. रस्ता, बर्फ, वाळू, चिखल. ज्यावर बोट ठेवाल तशी गाडी वागणार. नगर जिल्ह्यात बर्फ रसवंतीत असतो आणि वाळूचं चित्र बघून काका चपापले. “हे झाका. तलाठ्यानं बघितलं तर गाडी जाग्यावर जप्त.”

शोरूमच्या ओंकार सरांनी एका बंद पडलेल्या खाणीत मला पहिला धडा दिला. फार सौजन्याचा माणूस. गाडी पूर्ण थांबवा, न्यूट्रलला टाका, हे बटण फिरवा, दिवा लुकलुकायचा थांबला की गाडी संथ पण भीमाच्या ताकदीची झाली समजा. हे मला जमलं. मग उतार आला.

“आता हे बटण दाबा आणि दोन्ही पाय काढून घ्या. गाडी स्वतःला धरत खाली जाईल.”

“काढले.”

“मॅडम, एक अजून ब्रेकवर आहे.”

“तो नुसता ठेवलाय.”

“ठेवायचाही नाही. ब्रेक दाबलात तर तिचा गोंधळ होतो.”

तिचा गोंधळ होतो, आणि माझं काय. सव्वीस वर्षं मी गाडी चालवते आहे, माझा उजवा पाय ब्रेकशी संसार करतोय. त्याला एका दुपारात काडीमोड घे म्हणून कसं सांगणार? अकरा वेळा आम्ही तो उतार उतरलो. अकराही वेळा पाय जाऊन बसला. ओंकार सर शेवटी घाम पुसत म्हणाले, “बाकीचं चिखलातच कळेल. चिखल झाला की फोन करा.”

आणि तिथेच घोडं अडलं. चिखल झालाच नाही. मृगाने हुलकावणी दिली, आर्द्रा कोरडी गेली, श्रावणात दोन सरी आल्या त्या रस्त्यावरची धूळ बसवायलाही पुरल्या नाहीत. सगळा जिल्हा आभाळाकडे पिकासाठी बघत होता आणि मी चिखलासाठी. देवाला दोन्ही मागण्या एकत्रच पोचत असतील. त्याने मला वगळायचं म्हणून सगळ्यांनाच ताटकळत ठेवलंय की काय, असं मला अपराधी वाटायला लागलं.

राजनंदिनी म्हणाली, “काकू, टँकर मागवा. लोक करतात.”

हे वाक्य पुण्यात ठीक आहे. नगर जिल्ह्यात, ऑगस्टमध्ये, पाऊस नसताना, चिखल करण्यासाठी टँकर मागवणं म्हणजे काय, हे मला, या मातीत जन्मलेल्या बाईला, कळायला हवं होतं. पण शिकण्याचं वेड असं असतं. अमृतच्या एका सहकाऱ्याचं पडीक रान नगरपासून तासाभरावरच्या एका गावात होतं. गावाचं नाव सांगत नाही, त्यांनी मला माफ केलं आहे. एका रविवारी बाहेरचा टँकर बोलावून मी त्या रानात पाच हजार लिटर पाणी ओतलं आणि गाडीत चढून बसले.

चढून बसेपर्यंत पाणी नाहीसं झालं होतं.

या गावाने पंचवीस वर्षं राबून डोंगर चरांनी आखलेला, बांध घातलेले, पडलेला थेंब न् थेंब जागच्या जागी जिरवायची जमिनीला सवय लावलेली. मी ओतलं आणि तिने घोटभर सरबत प्यावं तसं पिऊन टाकलं. वर ओलसर मुरूम राहिला, त्यावर माझी गाडी चिखलाचं चित्र लावून, चारही चाकांनी, अत्यंत सुरळीत चालली. काहीही शिकायला मिळालं नाही.

मिळाली ती बायडाबाई. गावच्या पाणी समितीची अध्यक्ष. सत्तरीची, नऊवारी, हातात विळा. बांधावरून उतरून आली.

“लगीन हाय का कुनाचं?”

“नाही.”

“मग येवढं पानी कशापायी वतलं?”

“चिखल करायचा होता.”

“काय करायचा हुता?”

“चिखल. त्यातून गाडी बाहेर काढायची होती.”

तिने गाडीकडे पाहिलं, कोरड्या चाकांकडे पाहिलं. “गाडी तर भाईरच हाय की.”

पुढच्या रविवारी मला ग्रामसभेत उभं केलं. चर्चा मात्र नीट झाली. एकजण म्हणाला, पानी भाईरचं, मुरलं आपल्यात, मंग नुकसान कुनाचं? दुसरा म्हणाला, उलट बाईंचे आभार मानले पाहिजेत. बायडाबाईने दोघांना हाताने खाली बसवलं. “नुकसान अकलंचं. शाळंतली लेकरं बगत हुती.” म्हणून शिक्षाही लेकरांपुढेच ठरली. एका शनिवारी सकाळी, सव्वीस वर्षं शिकवलेली मी, जिल्हा परिषदेच्या शाळेत फळ्याशी उभी राहिले आणि पाणी कसं वाया घालवू नये याचं उदाहरण म्हणून मुलांना दाखवली गेले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. अमृतने फोटो काढला, तो मी काढून टाकला, पण तोवर तो सोसायटीत पोचला होता.

निघताना बायडाबाईने हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले आणि हे सगळं कशासाठी म्हणून विचारलं. मी आईची अट सांगितली. ती बराच वेळ शेंगदाण्याची साल चोळत राहिली.

“आईला नीट बसून इचारलं का, येती का म्हून?”

“विचारायचं काय, तिनेच सांगितलंय. गाडी दारात आली की बसते.”

“आस्सं,” ती म्हणाली, आणि साल फुंकून टाकली.

भाद्रपद लागला. गणपती बसले आणि जिल्ह्याच्या आमच्या पूर्व भागाच्या रीतीप्रमाणे, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, पाऊस आला. तीन दिवस, तीन रात्री. ऑपरेशनची तारीख गुरुवारची होती. डॉक्टर नंतर महिनाभर परदेशी जाणार होते. बुधवारी सकाळी ऊन पडलं आणि मी ओंकार सरांना फोन लावला. ते तिरुपतीला होते.

भिमाजी काकांनी पहाटेच पंपावर नेऊन चारही चाकांत चाळीस हवा भरून आणली होती. वर लिंबू-मिरची बांधली. “दगडावानी झालीयात. जावा बिनघोर.”

पाणंदीच्या तोंडाशी भागवत ट्रॅक्टर घेऊन उभा होता. बांधावर सात-आठ माणसं, डोक्यावर पोत्याच्या खोळी. शेजारच्या वस्तीवरचे म्हातारे कारभारी तात्या तर बसायला घडवंची घेऊन आले होते. बातमी पसरली होती.

“आक्का, साखळी लावू का?” भागवत म्हणाला.

“नको.”

“न्हाई, आपलं इचारलं.”

या विचारण्यात फार मोठा अपमान होता आणि तो इतक्या मायेने केला होता की रागावताही येईना. शिवाय ट्रॅक्टरने ओढून आणलेली गाडी ‘दारात आली’ असं आई मानणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आई शब्दाला शब्द लावून बघणारी बाई.

मी चिखलाचं चित्र लावलं आणि निघाले. पहिली दोनशे पावलं अशी गेले की बांधावरच्या माणसांनी खोळी मागे सारल्या. मग एक चाक घसरलं, खालून कर्रर्र असा दात खाल्ल्यासारखा आवाज आला, आणि मी घाबरून पाय उचलला. गाडी हळूच, लाजत, खाली बसली.

“तो आवाज यायलाच हवा असतो,” अमृत पोथी उघडून म्हणाला. “पान दोनशे सतरा. घाबरून पाय उचलू नये.”

“हे आधी सांगायचं.”

“आधी मी दोनशे नऊवर होतो.”

त्याने चष्मा न लावता पडद्यावर काहीतरी दाबलं. मी पुन्हा प्रयत्न केला. गाडी भित्र्या सुनेसारखी जागच्या जागी कापायला लागली. पाच मिनिटांनी कळलं, आम्ही बर्फात होतो. बाहेर कारभारी तात्या तुराट्या घाला म्हणत होते, कुणी धोंडा लावा म्हणत होतं, कुणी मीठ टाका म्हणालं. ते कशासाठी ते आजवर कळलेलं नाही. चाकं बघायला उतरून आले तेवढ्यात माझ्या साडीला घोट्यापर्यंत चिखल, पायातली एक चप्पल मातीने मागून घेतलेली. बाईमाणूस असून गाडी घातली, हे कौतुकाने म्हणताहेत की कशाने, ते ऐकू येऊ नये म्हणून मी काच वर केली.

मग मी मान खाली घालून राजनंदिनीला फोन लावला.

“काकू, हवा किती आहे?”

“चाळीस.”

“काकू, सोडा.”

मी खाली उतरले, बाभळीचा काटा मोडला आणि चारही चाकांपाशी चिखलात उकिडवी बसून हवा सोडली. फुस्स आवाज येत होता आणि का कोण जाणे, माझ्या छातीवरचंही काहीतरी उतरत होतं. भिमाजी काकांची पहाट वाया गेली. टायर जेवून उठलेल्या माणसासारखे सैल पसरले. मी गाडी न्यूट्रलला टाकली, बटण फिरवलं, दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत मनात एक ओवी म्हटली आणि पाय टेकला. कर्रर्र आवाज आला. मी पाय उचलला नाही. गाडीने एक चाक उचललं, दुसरं उचललं आणि म्हैस डोहातून उठते तशी उठली.

ओढ्याच्या उतारावर मात्र माझ्या उजव्या पायाने दगा दिलाच. जाऊन बसला ब्रेकवर. गाडी आडवी घसरली आणि बाभळीला टेकली. बाभळीने डावा आरसा ठेवून घेतला. चढ गाडीने आपला आपण काढला, मी फक्त देवाचं नाव घेतलं, तेही चुकीचं, कारण आमचं कुलदैवत दुसरं आहे.

आणि गाडी दारात आली. भादव्यात.

आई ओसरीवर गहू निवडत होती. बोटांनी. डोळ्यांनी निवडायचे दिवस कधीच गेले होते.

“कोन हाय?”

“मी.”

“कशानं आलीस?”

“गाडीने. दारात आहे.”

ती उठली. हात पुढे धरून अंगणात आली, पत्र्याला लागली आणि बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा तिने गाडीवरून हात फिरवला. वशिंड शोधल्यासारखा. मग चाकापाशी वाकली, चिखलाचा गोळा बोटात घेऊन दाबून पाहिला.

“तापलीया. पानी दावा तिला,” एवढंच म्हणाली.

मला वाटलं होतं ती आनंदेल, निदान हरेल. ती आत गेली आणि जमिनीवर टेकली. सविताने चहा केला. आईची पिशवी भरलेली नव्हती. दोन लुगडी, तंबाखूची डबी, एवढंसुद्धा बांधलेलं नव्हतं. तारीख महिनाभर आधी सांगितलेली होती. सविता मला चुलीपाशी ओढून हळूच म्हणाली, “वन्सं, गाडी यील आसं त्येंना वाटलंच न्हवतं.”

चप्पल गेली, आरसा गेला, फळ्याशी उभी राहिले, आणि जिला न्यायचं तिला यायचंच नाही. डॉक्टरांचं वाक्य आठवलं, मग माझ्या हातात काही राहणार नाही. मी चहाचा कप तसाच ठेवला. पूर्वी लेकीला माहेरी न्यायला भाऊ मुराळी म्हणून यायचा, तेव्हा सासू दार अडवायची, हे ओव्यांत शंभर वेळा वाचलंय. मी आईची मुराळी होऊन आले होते आणि दार आईच अडवून बसली होती.

“आई, नको असेल तर सांग.”

ती उठली, पदर खोचला. “बोललेली हाय मी. सविते, बाजरीचं पीठ बांद पाच किलो.”

“आई, पीठ मिळतं नगरला,” अमृत म्हणाला.

“आसू द्या, जावईबापू. तुमी मांडीवर घ्या.”

परतताना आई पुढे माझ्या शेजारी, अमृत मागे, मांडीवर पिठाची पिशवी आणि तिच्यावर पोथी. बांधावरची माणसं हलली नव्हती. ओढ्याचा उतार आला, या बाजूने अधिक उभा. खाली लाल पाणी. मी बटण दाबलं. पाय काढायचा म्हटलं आणि तो मेला ब्रेकवरच. गाडीचं मागचं अंग सरकायला लागलं. आता आईला घेऊन बाभळीला टेकायचं नव्हतं.

“मघाधरनं काय दाबतीयास पायानं?” आईला दिसत नव्हतं, पण तिला माझा गुडघा लागत होता. आवाज तोच. आमटीत मीठ कमी. “सैल सोड. तिच्या पायाला कळतंय.”

मी पाय काढला. दोन्ही. मांडी घालून बसल्यासारखे वर घेतले. गाडी गुरगुरली, जरा थबकली, आणि एकेक चाक चाचपत, धरत, सोडत, धरत, जाणत्या बैलासारखी त्या उतारावरून खाली गेली. पाण्यात शिरली, निघाली, चढली. कारभारी तात्यांनी घडवंची उचलली आणि म्हणाले, “चला, झालं.” काही माणसं थोडी हिरमुसलेली दिसली. भागवतने साखळी गुंडाळली आणि डोळे पुसले. म्हणाला, डिझेलचा धूर गेला.

तिसगावात हवा भरून घेतली आणि डांबराला लागलो. मला इतकं हलकं वाटत होतं की करंजी घाटात मी चक्क गुणगुणायला लागले. आईचा चेहरा मात्र काचेकडे.

“आता चिखलाची चिंताच मिटली बघ,” मी म्हटलं. “कधीही फोन कर. भर पावसात येऊन घेऊन जाईन.”

एक वळण गेलं, दुसरं गेलं.

“त्येच तर,” ती म्हणाली.

“काय तेच?”

“चिखुल बरा हुता माझा.” तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “चिखुल हाय म्हनलं की कुनाला वाईट वाटत न्हवतं. मागं आले हुते तुज्याकडं. लई केलं माझं. जावईबापूंसारका मानूस मिळायचा न्हाई. पर उटले की बसा. पेला उचलला की बसा. अकरा दिस बसले. बाराव्या दिशी वाटलं, मी मेले हाय आन् ह्येंनी मला पाटावर बशिवलंय. देवाला बशिवत्यात तसं. कुनाला सांगू? मायेनं करनाऱ्याला न्हाई कसं म्हनू? म्हून म्हनलं, गाडी दारात आन. येत न्हाई म्हून ठावं हुतं.”

मी गाडी बाजूला घेतली. घाटात थांबू नये म्हणतात, पण मला पुढचं दिसत नव्हतं. सहा वर्षं मी चहातली साखर मोजत होते. काहीच घडलं नव्हतं माझ्याकडून. आम्ही फक्त कासरा घट्ट धरला होता. मला रडू आलं आणि त्यातूनच हसू फुटलं, आणि आई दोन्हींतलं कोणतं ते कळावं म्हणून माझ्या गालावर हात ठेवून बघायला लागली.

मागच्या सीटवर पोथी बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

“आई,” अमृत म्हणाला. त्याचा आवाज पिठाच्या पिशवीमागून आल्यासारखा येत होता. “मग मी काय करू?”

आई मागे वळली, त्याच्या आवाजाच्या अंदाजाने.

“डोळ्याची पट्टी सुटली की भाकरी मी थापनार. रोज. जाळापशी डाक्तर जाऊ दीत न्हाई म्हनला, तर भाजायची हिनं. पर थापनार मी.” ती थोडी थांबली. “आन् तवर, जावईबापू, तुमी बसा.”